कुत्र्याच्या जेवणात कोथिंबीर, पुदिना, लसूण: काय चालतं, काय नाही?

गच्चीवरची_बाग (सहकारनगर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चिंगी आहे. देशी, तळजाईच्या पायथ्याशी पिल्लू असताना सापडलेली. आता तीन वर्षांची, वजन ११ किलो. घरचंच जेवते: भात, उकडलेलं चिकन, लाल भोपळा नाहीतर गाजर, अधूनमधून दही. मीठ-मसाला अजिबात नाही.

माझी गच्चीवर कुंड्यांची बाग आहे. कोथिंबीर, पुदिना, तुळस, कढीपत्ता, गवती चहा, ओव्याचं पान, कांद्याची पात, एका टबात अळू आणि कोपऱ्यात कोरफड. या पावसात सगळंच माजलंय. चिंगी रोज सकाळी माझ्याबरोबर वर येते आणि काही ना काही तोंडात धरतेच. पुदिन्याचा वास घेऊन सोडून देते, गवती चहा मात्र चावून चावून खाते. मला वाटलं, हिला आवडतंय तर जेवणातच थोडं हिरवं चिरून घालावं. पण कुठलं आणि किती?

दुसरी गोष्ट गोचिडांची. टेकडीवरून आलं की कानामागे, बोटांच्या बेचक्यात सापडतातच. सासूबाई भोरकडच्या. त्यांच्या माहेरी कुत्र्यांना भाकरीत लसूण ठेचून द्यायचे, रक्ताला वास आला की गोचीड धरत नाही म्हणून. त्यांचा चिंगीवर माझ्याइतकाच जीव आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. इंटरनेटवर एक जण म्हणतो रोज एक पाकळी चालते, दुसरा म्हणतो लसूण म्हणजे विष. म्हणून अजून दिलेला नाही.

आणि गणपती तोंडावर आलेत. पाहुण्यांची पोरं तिला नैवेद्यातलं काहीतरी भरवणारच. कशावर नजर ठेवू?

---

कोथरूडचा_लॅबवाला

कोथिंबीर बिनधास्त द्या. आमचा लॅब निवडलेल्या जुडीच्या काड्यासुद्धा खातो, कधी काही झालं नाही. कढीपत्त्याचं पान आवडीने चघळतो.

लसणाचं मीही ऐकलंय. आमच्याकडे त्याच्या चिकनला आलं-लसणाची पेस्ट लावतात, वासाशिवाय तो तोंड लावत नाही. शिजवल्यावर त्यातला उग्रपणा जातो असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

---

पशुधन_निवृत्त (कर्वेनगर)

ताई, तुम्ही देण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत. मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात. तो सगळा कांद्याचा मुलूख. म्हणून आधी लसूण-कांद्याचंच सांगतो. बाकीच्या पाल्यात काळजी करण्यासारखं त्यामानाने कमी आहे.

भाव पडला की चाळीतला सडका आणि चिंगळी कांदा जनावरांपुढे टाकला जायचा. मग निरोप यायचा: गाय लाल मुततीय. गावात पहिला संशय गोचीडतापाचा, कारण त्यातही लघवी अशीच तांबडी होते. गोठ्यात गेल्यावर मी आधी डोळ्याची पापणी ओढून बघायचो आणि लगेच विचारायचो, कांदा खाल्लाय का? दोन्हींत तांबड्या पेशी फुटतात, वरून दिसणारी लक्षणंही जवळपास सारखी. उपचार मात्र निराळे. शेळ्या-मेंढ्या कांदा बऱ्यापैकी पचवतात, गाय पचवत नाही. कुत्र्याला सोसत नाही आणि मांजराला तर त्याहून कमी सोसतो.

कांदा, लसूण, पात, लीक, चाइव्ह हे सगळं एकाच कुळातलं. त्यांत गंधकाची द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर घाव घालतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. अशा पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं आणि रक्त कमी होत जातं. हे त्याच दिवशी दिसत नाही, हीच खरी अडचण. खाल्लं सोमवारी आणि कुत्रं मलूल पडलं गुरुवार-शुक्रवारी, म्हणजे कांद्याची आठवणही कुणाला राहत नाही. हिरड्या पांढुरक्या होतात, धाप लागते, लघवी कोऱ्या चहासारखी दिसते.

लॅबवाले, शिजवून हे जात नाही. उकडा, तळा, वाळवा, विष राहतंच. वाळवलेल्या पुडीत तर ते आटून जास्त दाट होतं. म्हणून कांदा-लसूण मसाला, सूपची पाकिटं, चिकनच्या स्वादाचे क्यूब हे मी कच्च्या पाकळीपेक्षाही धोक्याचं मानतो. चमचाभर पुडीत किती कांदे गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या लॅबला आजवर काही झालेलं दिसत नाही, कारण त्याचं वजन मोठं आणि पेस्ट थोडी. पण रोजचं थोडंथोडंही साठत जातं. वासासाठी चिकन ज्या पाण्यात उकडलंय तेच भातावर घाला, तेवढ्यावर तो जेवेल.

मापाचं बोलायचं तर, कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एकदम पोटात गेला तर धोका धरतात. चिंगीसाठी ते ५५ ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा निम्मा भाग. लसूण त्याहून तेज. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली चार कुत्र्यांना किलोमागे पाच ग्रॅम लसणाइतका अर्क रोज असा सात दिवस दिला होता. कुत्री उघड आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या तांबड्या पेशी बिघडल्या आणि रक्त उतरलं. मात्रा मोठी होती, हे कबूल. एखादी पाकळी चुकून गेली म्हणून घाबरून दवाखाना गाठायची गरज नाही. पण रोज मुद्दाम द्यायची वस्तू ती नव्हे.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांगा. पूर्वी गावात गोचिडावर दुसरं काही मिळतच नव्हतं, म्हणून माणसं हाताशी होतं ते करायची. पण लसणाने गोचीड दूर राहतो याला भरवशाचा आधार नाही. मला याहून मोठी भीती निराळीच आहे. गोचिडातून बबेसिया नावाचा जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतो आणि तोही तांबड्या पेशीच फोडतो. एकीकडून तो पेशी फोडणार आणि दुसरीकडून आपण लसूण देऊन त्याच पेशी कमजोर करणार. वर कुत्रं आजारी पडलं की कशामुळे, हे डॉक्टरांना ओळखायला वेळ लागणार. गोचीड असलेल्या कुत्र्याला लसूण देणं मला सगळ्यांत चुकीचं वाटतं ते यामुळे. चिंगी कधी मलूल दिसली तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी आपणहून सांगा: गोचीड निघाले होते का, आणि कांदा-लसूण पोटात गेला होता का. काचपट्टीवर रक्त तपासताना नेमकं काय शोधायचं ते त्यांना कळतं.

गच्चीकडे वळतो. कोथिंबीर, तुळस, कढीपत्ता, शेपू हे खुशाल द्या. बारीक चिरून, चिंगीला दिवसाला एखादा छोटा चमचा पुरे. यात औषध शोधू नका, चवीपुरता पाला समजा. बाजारची जुडी असेल तर पाण्यात बुडवून दोन-तीनदा खळबळून घ्या, पावसाळ्यात मुळाशी चिखल फार असतो. स्वयंपाकातला पुदिना एक-दोन पानं चालतो, मूठभर खाल्ला तर उलटी-जुलाब होतात. पुदिन्याच्या अर्काच्या गोळ्या आणि कुठलंही सुगंधी तेल मात्र कुत्र्यापासून लांब ठेवा. पानात थेंबभर असतं ते तेलात बाटलीभर असतं.

गवती चहाने काही कुत्र्यांचं पोट बिघडतं. पानं धारदार आणि चिवट, त्यामुळेही उलटी होते. ती कुंडी उंचावर ठेवा आणि चिंगीला गवतच हवं असेल तर एका पसरट कुंडीत दूर्वा लावून द्या.

ओव्याचं पान आपण भज्यांना वापरतो म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्यातल्या तेलांमुळे कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात, कधी रक्तही पडतं. ते देऊ नका. कोरफडीचा पिवळा चीक जुलाब लावतो. कच्च्या अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. कुत्र्याने पान चावलं की तोंड भाजल्यासारखं होऊन लाळ गळते, ओठ सुजतात. तसं झालं तर तोंड थंड पाण्याने पुसा, थोडं दही चाटवा, आणि सूज घशाकडे गेली किंवा श्वास अडला तर थेट दवाखाना.

पण ताई, मला झाडांपेक्षा तुमच्या कुंड्यांतल्या खताची जास्त काळजी वाटते, आणि तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. एरंडीची पेंड घालत असाल तर आजच बंद करा. तिचा वास कुत्र्यांना आवडतो, ती माती उकरून पेंड खातात. तिच्यात रायसिन राहिलेलं असलं तर रक्ती उलट्या-जुलाब होऊन कुत्रं दगावतं. पेंडीत हाडांचा चुरा मिसळला असेल तर ती जास्तच ओढीने खातात. नर्सरीत तयार मिश्रण घेताना त्यात काय काय आहे ते विचारून घ्या. दुसरी वस्तू गोगलगायींची औषधी गोळी. पावसाळ्यात सर्रास टाकतात. तिच्यात मेटाल्डिहाइड असतं. कुत्र्याला तासा-दोन तासांत थरथर सुटते, मग झटके येतात. गोगलगायी सकाळी हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाका, गच्चीपुरतं तेवढं पुरतं.

---

सिंहगडरोड_शेफर्ड

काका, खूप उपयोगी लिहिलंत. आमचा जर्मन शेफर्ड नऊ वर्षांचा आहे. जेवल्यावर कधीकधी पोट गच्च होतं, तेव्हा आई त्याला ओवा-हिंगाचं कोमट पाणी पाजते. लहान बाळांना देतात तसंच. चालू ठेवावं का?

---

पशुधन_निवृत्त

नको. आणि याचं उत्तर लांबवत नाही, कारण तुमचा शेफर्ड आहे.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळा घेतं. शेफर्ड, डेन, डॉबरमन यांच्यात हे जास्त दिसतं, वय वाढलं की आणखी. पिळा पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जीव जातो. पोट ताणलेलं, कुत्रं अस्वस्थ, उलटीसाठी उमळतंय पण फेसाशिवाय काही पडत नाही, असं दिसलं की ओवा नाही, हिंग नाही, वाट बघणं नाही. गाडीत घाला आणि निघा. शस्त्रक्रियेची सोय असलेला, रात्री उघडा असणारा दवाखाना तुमच्या भागात कुठे आहे ते आजच विचारून फोनमध्ये नंबर ठेवा.

एरवीचा साधा वायू असेल तर एका मोठ्या जेवणाची दोन-तीन छोटी जेवणं करा, भराभर गिळू देऊ नका आणि जेवल्यावर तासभर तरी पळवू नका. आणि पोट वारंवार गच्च होतंय, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालाच.

---

दोन_मांजरं_एक_पॉम

हळदीचं काय? आमच्या पॉमच्या सांध्यांसाठी रोज अर्धा चमचा सुचवलाय एकाने. आणि गोचिडाचं जे औषध पॉमच्या मानेवर टाकतो तेच थोडं मांजरांना टाकलं तर?

---

पशुधन_निवृत्त

मांजरांचं आधी सांगतो. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणून मारतं. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही टाकायचं नाही, आणि पॉमला टाकल्यावर ते वाळेपर्यंत मांजरांना त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

जेवणात चिमूटभर हळद गेल्याने बिघडत नाही. पण पॉमसारख्या इवल्या कुत्र्याला रोज अर्धा चमचा हा डोस झाला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयाचा त्रास असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर हळद नकोच. सांधे दुखत असतील तर पहिलं काम वजन आटोक्यात आणणं, आणि दुखण्याची गोळी डॉक्टरांकडूनच. माणसांची आयबुप्रोफेन कधीच नको, तिने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात.

---

गच्चीवरची_बाग

काका, मनापासून आभार. तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. जुन्नरच्या गाईचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही अशी लाल मुतायची, आम्ही दृष्ट काढायचो. लसणाचा विषय त्यांनी स्वतःच संपवला.

मिश्रखताच्या पिशवीवर बघितलं, एरंडी पेंड लिहिलेली आहे. पिशवी खाली बंद खोलीत ठेवली. ज्या कुंड्यांत घातलं होतं त्यांची वरची माती काढली आणि जाळी बसवेपर्यंत चिंगीला गच्ची बंद.

आता राहिलं गोचीड आणि गणपती. आणि एक शंका: चिंगीच्या हिरड्या मुळातच काळ्या आहेत, पांढऱ्या पडल्या हे कळणार कसं?

---

पशुधन_निवृत्त

पिशवी बंद केलीत, जीव भांड्यात पडला.

काळ्या हिरड्यांच्या कुत्र्याची खालची पापणी हलकेच ओढून आतली बाजू बघा, गायीची बघतात तशीच. ती गुलाबी हवी. ओठाच्या आतला गुलाबी ठिपका सापडला तर तो बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. आत्ता चिंगी ठणठणीत आहे तोवर हे रोज बघून ठेवा, म्हणजे तिचा नेहमीचा रंग तुमच्या डोळ्यांत बसेल.

गोचिडांसाठी वजनाप्रमाणे चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिन्याला एक, काही तीन महिन्यांना एक. डॉक्टरांकडूनच घ्या. आधी कधी फिट आली असेल तर ते नक्की सांगा, या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिलेला आहे. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. आणि घर विसरू नका. आपल्याकडचा कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यातला बराच काळ कुत्र्यावर नसतोच, भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, अंथरुणाच्या शिवणीत असतो, आणि एक मादी हजारोंनी अंडी घालते. चिंगीचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, भेगा बुजवा. गोचीड निघाल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर रक्त तपासा.

गणपतीत सगळ्यांत जपायचं ते बेदाण्यांना. पंचखाद्यात असतात, शिऱ्यात असतात, प्रसादाच्या द्रोणातून खाली सांडतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसरा थोडक्यात जातो, म्हणून सुरक्षित आकडा मी सांगणार नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा आमटी आणि चिंचगुळाची भाजीसुद्धा नको. बेदाणे खाल्ले हे कळलं की लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत त्यांना उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, त्यानेच कुत्री दगावलेली आहेत.

जायफळही कुत्र्याला वाईट. सारणात किसलेलं असतं तेवढ्याने एका मोदकात काही होणार नाही, पण अख्खं जायफळ ओट्यावर राहू देऊ नका. पाहुण्यांना गोड बोलून सांगा, की चिंगीला जे द्यायचं ते आमच्या हातूनच. पोरांच्या हातात उकडलेल्या गाजराचे तुकडे वाटीत देऊन ठेवा, त्यांनाही भरवल्याचा आनंद मिळेल. सासूबाईंना तिला बाप्पाचा प्रसाद द्यायचाच असेल, तर उकडीची सारण न भरलेली पारी द्या, तूप न लावता, छोटीशी.